कलमं देवगडात, घर लंडनात

तू विचारलंयस की पुढच्या वर्षी लंडनला चाललोय, दोन-तीन वर्षांत तिकडे घर घेईन, देवगडचं घर नि आंब्याची कलमं आहेतच, तर सगळ्याचं मिळून एकच मृत्युपत्र चालेल का? कायद्याने चालेल. मी मात्र दोन केली. पण त्याच्याही आधी सातबारा काढ.

आमचा काढला तेव्हा त्यावर अजून पणजोबाच मालक होते. तलाठ्याने मोबाईलच्या उजेडात फेरफाराच्या वहीवरून बोट फिरवलं नि म्हणाला, "ह्यांका कंसात घालूक व्हया होता, रवला." म्हणजे मयताच्या नावाला कंस करतात, तो करायचा राहून गेला होता. वारस मोजले तर एकोणीस, त्यात वसईला दिलेल्या आत्यांची मुलंही. सामाईक जमिनीत तू तुझा हिस्सा तेवढाच देऊ शकतोस. 'सगळी कलमं मुलीला' लिहून ती मुलीची होत नाहीत. म्हणून वारसनोंद, आणि जमलं तर वाटणीपत्र, जायच्या आधी उरकून घे. भावकी एका ओटीवर बसते ती गणपतीतच, तेव्हाच विषय काढ. शेजारचा तुकडा घ्यायचा असेल तर तोही आत्ताच. अनिवासी झालास की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली राहते, वारसाने आलेलीही चालते, पण विकायची ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

आता दोन कशाला? स्थावराला जिथली जमीन तिथला कायदा. देवगडच्या कलमांना 1925 चा भारतीय वारसा कायदा, लंडनच्या घराला इंग्लंडचा. मृत्युपत्रं वेगळी असली की एका देशातलं काम दुसऱ्या देशातल्या कागदांसाठी अडून राहत नाही. दोन्हीकडे दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नकोस, इंग्लंडात त्याचं देणंच रद्द होतं.

खरा धोका एका ओळीत असतो. लंडनच्या वकिलाने माझा मसुदा दिला त्यात दुसरंच वाक्य, 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द.' म्हणजे देवगडला नोंदवलेलं गेलंच की! मी पेन उघडून बसलो होतो, बायकोने वाचलं म्हणून वाचलो. आता दोन्हींत स्पष्ट लिहिलंय की हे अमुक देशातल्या मालमत्तेपुरतंच आणि दुसरं कायम.

तिकडे नवरा-बायको 'जॉइंट टेनंट' म्हणून घर घेतात. एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं, मृत्युपत्राला कोणी विचारत नाही. आपल्या सामाईकासारखं ते नाही, तेव्हा घर घेतानाच विचारून घे.

कराचंही ऐक. भारतात मृत्युकर 1985 पासून नाही. ब्रिटनमध्ये 3 लाख 25 हजार पौंडांच्या वर साधारण 40 टक्के, आणि एप्रिल 2025 पासून मागच्या 20 करवर्षांतली 10 तिथला रहिवासी असलास की जगभरातली मालमत्ता हिशेबात येते, देवगडची कलमंसुद्धा. भारतातच अधिवास, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कायमचं घर, असलेल्यांना 1956 चा भारत-ब्रिटन करार काही प्रमाणात वाचवतो, पण भारतातली मालमत्ता इंग्लंडच्या कायद्याखालच्या मृत्युपत्राने दिलीस तर ते संरक्षण जाऊ शकतं. तेव्हा दोन्ही देशांचा कर कळणारा माणूस गाठ, त्याची फी वसूल होते.

कलमं बघायला चुलतभावाला मुखत्यारपत्र देशीलच. ते तुझ्याबरोबरच संपतं, नंतर त्याच्या सहीला किंमत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेव.

आणि मूळ कागद माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवू नकोस. आमच्या आजोबांचं खरेदीखत वाळवीने अर्धं खाल्लंय, चतुःसीमा गेल्या, सही तेवढी शाबूत आहे.