वाक्यातला ‘च’

शाळाप्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी लस सक्तीची असली, की सवलत मागू पाहणारी माणसे माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: ‘अर्जात धार्मिक कारण लिहिले, तर तो खोटेपणा ठरेल का?’ प्रश्न वरकरणी कायद्याचा असला, तरी त्याच्या तळाशी मला बहुधा भीतीच सापडली आहे.

अशाच एक आई आठवतात. धाकटीच्या प्रवेशाचा अर्ज त्यांनी इतक्यांदा उघडून मिटला होता, की घडीवरची अक्षरे पुसट झाली होती. सगळे रकाने भरलेले, ‘सवलतीचे कारण’ तेवढे कोरे. पहिल्या दोन भेटींत त्या श्रद्धेविषयीच बोलल्या. मी वाद घातला नाही, कारण कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घेणे हे माझे काम नव्हे. तिसऱ्या भेटीत मी एवढेच विचारले, “थोरल्याला लस दिलीत, तेव्हा श्रद्धा आड आली नव्हती?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “गोवराची लस दिली आणि आठव्या दिवशी त्याला तापात आकडी आली. डोळे पांढरे झाले होते हो. लस देताना त्याचा दंड मीच धरला होता.”

“आता कसा आहे?”

“ठणठणीत आहे. पण हिला काही झालंच नाही पाहिजे.”

इतक्या वर्षांच्या सरावाने हा ‘च’ मला लांबून ऐकू येतो. काळजी आईची असते. तिची शंभर टक्के खात्रीची मागणी झाली, की कोणतेही उत्तर पुरत नाही आणि माणूस श्रद्धेचा आडोसा शोधतो. (१८९८ साली इंग्लंडने देवीच्या लशीतून सूट दिली, तीदेखील लशीने मुलाच्या प्रकृतीला अपाय होईल असे मनापासून मानणाऱ्या पालकांना, तिथे भीतीला उघडपणे बोलता येत होते.)

मी त्यांना सांगितले, की श्रद्धा खरी असेल तर ती जरूर लिहावी, परंतु भीती असेल तर ती डॉक्टरांपुढे मांडावी. आधीच्या डोसनंतर आलेली तीव्र ॲलर्जी किंवा, गोवरासारख्या जिवंत लशींच्या बाबतीत, अतिशय क्षीण झालेली प्रतिकारशक्ती ही वैद्यकीय सवलतीची कारणे असतात. भावाला तापात आलेली आकडी सहसा त्यांत बसत नाही, आणि अशा आकडीने सहसा कायमचा अपायही होत नाही. शिवाय गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. ज्यांना लस घेताच येत नाही, त्यांची सारी भिस्त या इतरांवर असते.

त्यांनी अर्ज पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर डॉक्टरांसाठी प्रश्न लिहायला घेतले. पहिला तापाविषयी होता. दुसरा होता: ‘दंड धरायला मुलीच्या बाबांना पाठवले, तर चालेल का?’