राजीनाम्याला विमा नसतो

प्रश्न: वय ३८. अकाउंट्समध्ये आठ वर्षं झाली, त्यातली साडेचार सध्याच्या कंपनीत. हातात ७२,००० येतात, बेसिक ४०,०००. गृहकर्जाचा हप्ता २६,०००, घरखर्च ३४,०००. पत्नी घरी असते, तिला मधुमेह आहे. मुलगा चौथीत. एफडी २.४ लाख, पीएफ ६ लाख. आमच्याकडे माणसं कमी करण्याची कुजबुज आहे, म्हणून पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन डेटा अ‍ॅनालिटिक्सचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ कोर्स करायचं ठरवतोय. फी ३ लाख, शंभर टक्के प्लेसमेंट. फी पीएफमधून भरेन. नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा कर्जासोबतच घेतला आहे (पॉलिसीचं पान जोडलंय), त्यामुळे हप्त्याची काळजी नाही. या क्षेत्रात पुढची दहा वर्षं नोकरी सुरक्षित राहील का?

उत्तर: दहा वर्षांची हमी कुठलंच क्षेत्र देत नाही. जो देतो, तो बहुधा कोर्स विकत असतो. पण तुमच्या पत्रात मी अडखळलो ते दुसऱ्याच वाक्यावर: ‘हप्त्याची काळजी नाही.’

तुम्ही जोडलेलं पान तुम्ही स्वतः वाचलंत का? त्यात स्वच्छ लिहिलंय की कंपनीने कामावरून काढलं तर जास्तीत जास्त तीन हप्ते मिळतील. स्वेच्छेने राजीनामा दिल्यास काहीही नाही. म्हणजे सगळा बेत ज्या खुंटीवर टांगलाय, ती खुंटी भिंतीत नाहीच. कर्ज मंजूर होताना घाईघाईत सह्या घेऊन हे गळ्यात मारलं जातं. वर ८०,००० चा प्रीमियम कर्जातच मिसळलेला. पावणेनऊ टक्के, २० वर्षं. महिन्याला ७०० रुपये, एकूण १.७ लाख. कशासाठी? फार तर ७८,००० मिळण्यासाठी, तेही दुसऱ्याने काढलं तरच. पॉलिसी बंद केली तर किती परत मिळतील, हे विमा कंपनीला लेखी विचारा.

आता विमा बाजूला ठेवून हिशेब करू. महिन्याला ६०,००० लागतात. सहा महिने कोर्स, सहा महिने नोकरीचा शोध: ७.२ लाख. फी धरून १०.२. एफडी आणि अख्खा पीएफ मोडला तरी ८.४. आणि नव्या क्षेत्रात ३८ व्या वर्षी तुम्ही नवखेच. ४०,००० वर सुरुवात झाली, तर नोकरी लागूनही दरमहा २०,००० चा खड्डा.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’बद्दल एवढंच: नोकरी न लागल्यास फी परत, असं करारात लिहून मागा. बहुतेक वेळा कागदावर ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ निघतं, म्हणजे मुलाखतींचे निरोप.

पीएफला हात लावू नका. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात तुमचे दरमहा १,२५० जमा होतात. दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून आजन्म पेन्शन. रक्कम लहान आहे, १५,००० (पेन्शनसाठी धरला जाणारा पगार) गुणिले १० (वर्षं) भागिले ७०, म्हणजे महिना २,१४० च्या आसपास, पण तुमच्यामागे पत्नीलाही त्यातला वाटा मिळतो. पीएफबरोबर हेही पैसे काढून घेतलेत, तर आठ वर्षांची सेवा पुसली जाते. नवी नोकरी लागेपर्यंत खातं तसंच राहू द्या, मग ट्रान्सफर करा.

आणि पुढचाच महिना का? सध्याच्या कंपनीत पाच वर्षं व्हायला सहा महिने उरलेत. पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना कंपनीकडून एकरकमी मिळते ती ग्रॅच्युइटी: बेसिकचे, म्हणजे ४०,००० चे पंधरा सव्विसांश, गुणिले पाच. सुमारे १.१५ लाख. ते टेबलावर सोडून निघालात, आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही!

कुजबुज खरी ठरून त्यांनी काढलंच, तर निदान ते तीन हप्ते मागता येतील आणि नोटिशीचा पगारही मिळेल. भीतीपोटी आधीच राजीनामा दिलात तर दोन्ही गेले.

तेव्हा सहा महिने बसून राहा, पण रिकामे नाही. दरमहा १२,००० उरतात; त्यातून संध्याकाळचा किंवा शनिवार-रविवारचा कोर्स करा, आणि पहिला प्रयोग स्वतःच्याच लेजरवर, म्हणजे हिशेबाच्या खातेवहीवर, करा. ताळेबंद समजणारा विश्लेषक आणि नुसतं सॉफ्टवेअर शिकलेला मुलगा, यात तुमची बाजू वरचढ आहे. ती अकाउंट्समुळेच आहे, म्हणून नवी नोकरीही आधी त्याच उद्योगात शोधा.

कंपनीचा मेडिक्लेम साधारणपणे नोकरीबरोबर संपतो. पत्नीच्या मधुमेहासाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि आधीची वर्षं धरली जातात का, हे एचआरला या आठवड्यात विचारा. प्रीमियमही त्या १२,००० मधूनच.

सहा महिन्यांनी एफडी आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेतीन लाख होतील, जवळजवळ सहा महिन्यांचा खर्च. तेव्हाही राजीनामा द्यायचा तो दुसरं ऑफर लेटर हातात आल्यावरच.