बटेराला गाईचं इंजेक्शन पाजू नका

प्रश्न (सिमरोल, इंदूर): चाळीस जपानी बटेर आणि दहा गिनी कोंबड्या एकाच खुराड्यात, जमिनीवर आहेत. पाऊस लागल्यापासून पक्षी वाळतायत, विष्ठेत रक्त दिसतं. औषधाचा दुकानदार म्हणतो जंत आहेत, गाईला देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन थेंब-थेंब पाजा. पाजू का?

उत्तर: नका. रक्त दिसतंय म्हणजे बहुतेक रक्ती हगवण. ती कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होते आणि आयव्हरमेक्टिन त्याला हातही लावत नाही. शिवाय हिशोब करा: एक टक्क्याच्या इंजेक्शनच्या थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध. बटेर दोनशे ग्रॅमचं. गाईला किलोमागे जेवढं देतो त्याच्या बारापट झालं हे! दुकानदाराला बाटली खपवायची असते, मेलेले पक्षी मोजायला तो येत नाही.

आधी चार-पाच ठिकाणची ताजी विष्ठा डबीत घालून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुचिकित्सालयात दाखवा. तिथे दुजोरा मिळाला की अँप्रोलियम हे कॉक्सिडियावरचं औषध, वीस टक्क्यांची पूड, १० लिटर पाण्यात १२ ग्रॅम, पाच दिवस. दुसरं पाणी ठेवू नका. त्या दिवसांत बी-१ जीवनसत्त्व असलेलं टॉनिक बंद, नाहीतर औषधाचा जोर जातो. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका आणि लवकर बरं व्हावं म्हणून दुप्पट घालू नका. दुप्पट तर नकोच. जंताचं औषध तपासणीत अंडी दिसली तरच. या काळातली पक्ष्यांची अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत, तेही तिथेच विचारून घ्या.

खरं दुखणं मात्र ओल्या तुसात आहे. ऊब आणि ओल मिळाली की कॉक्सिडियाची अंडी दोन दिवसांत रोग लावायला तयार होतात. म्हणून माझा हट्ट एकच: बटेर जमिनीवरून उचला, जाळीवर घ्या, विष्ठा खाली पडू द्या. मी पाहिलेल्या खुराड्यांत औषधापेक्षा जाळीनेच जास्त पक्षी वाचले. गिनी कोंबड्या वेगळ्या, कोरड्या तुसावर. राखमातीचा खड्डा दोघांनाही द्या, उवा कमी होतात.

गोचीड दिवसा पक्ष्यावर शोधू नका. रात्री बॅटरी घेऊन लाकडाच्या फटी बघा आणि फवारणी फटींतच करा, पक्ष्यांवर नाही.

अनुदानाचं: राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के आहे, पण हजार मादी पक्ष्यांच्या प्रकल्पाला. तुमच्या पन्नासांना नाही.

आणि रानातलं तितर धरून यांच्यात सोडलं असेल तर आजच परत रानात सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, वर ते नवे जंतही घेऊन येतं.