दुधाचे खाडे

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मुद्दामच लिहीत नाही. हॉस्टेलात आलेली पत्रं कोण कोण वाचतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

परवा गणपतीच्या दर्शनाला आलीस. आरतीला टाळ धरलेस, पानातला एक मोदक तसाच ठेवून उठलीस, आणि जिन्यात चपला घालता घालता म्हणालीस, "मावशी, माझ्याच्यानं काही होतच नाहीये. खूप टेन्शन आहे." मी काही बोलायच्या आत तुझी रिक्षा आली. तेव्हापासून मी स्वतःवर चिडलेली आहे, आणि थोडी तुझ्यावरही. तासभर बसली होतीस की! मी तीनदा विचारलं, कसं चाललंय. तिन्ही वेळा "मजामां". बडोद्यात तीन-चार पिढ्या काढून आपण मराठी माणसं हे मात्र पक्कं शिकलो. केम छो, मजामां. अंगात ताप असला तरी मजामां. अगदीच राहवलं नाही, तर "टेन्शन". पहिल्या शब्दानं समोरचा निश्चिंत होतो, दुसऱ्यानं तो "सगळ्यांनाच असतं" म्हणून मोकळा होतो. तुझं काय झालंय, ते दोन्हींतून कळत नाही.

म्हणून एकच सांगते, आणि पत्रभर तेच सांगणार आहे: खाडे मांड.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर असायचं. दूधवाला ज्या दिवशी यायचा नाही, त्या चौकोनात आई पेन्सिलीनं 'खाडा' लिहायची. महिनाअखेर तो हिशेबाला आला की वाद नाही. कॅलेंडर पुढं करायचं. तो म्हणायचा तीन, कॅलेंडर म्हणायचं पाच. पाचच धरले जायचे.

१९७८ साली मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करत होते. जुलैपासून मला काय झालं, ते मी त्या वेळी कुणाला सांगू शकले नाही. डबा घेऊन वेळेवर घरातून निघायची आणि वर्गात न जाता कमाटीबागेत जायची. ऊन चढलं की संग्रहालयात. तिथं देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे, त्याच्यासमोर उभी राहून मी त्याच्या फासळ्या मोजायची. डबा कुत्र्याला. पाचला घरी. आई विचारायची, "कसं झालं कॉलेज?" मी म्हणायची, "बरं." रात्री दोन-अडीचपर्यंत डोळे उघडे. हे किती महिने चाललं, किती तास बुडाले, किती डबे कुत्र्यानं खाल्ले, ते मला आज सांगता येत नाही. स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी! पुढं वाडा रिकामा करताना त्या सालचं कॅलेंडर सापडलं. ऑक्टोबरात दुधाचे सात खाडे, स्वच्छ मांडलेले. माझा एकही नाही.

ते वर्ष गेलं. परीक्षा पुढच्या वर्षी दिली. पीएच.डी. मी केली नाही ती त्यामुळे नव्हे, हे तुझी आई काहीही सांगत असली तरी लक्षात ठेव. मला शिकवायला आवडायचं, नोकरी चालून आली, आणि घरात पैसे लागत होते. तीन कारणं पुरेशी आहेत. असो.

याहून वाईट गोष्ट पुढची आहे. ती मी फारशी कुणाला सांगत नाही. १९९४ च्या सुमारास माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एक मुलगी होती, गावाकडून आलेली. एकदा तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, बहु टेन्शन रहे छे." मी जर्नल तपासत होते. वर न बघता म्हटलं, परीक्षा जवळ आली की सगळ्यांनाच असतं. त्यानंतर ती एक आड एक यायला लागली, मग आठवड्याला एकदा, मग नाहीच. गैरहजेरीच्या फुल्या कोण मारत होतं? मीच. लाल शाईनं, माझ्या हातानं. आणि हजेरी कमी म्हणून तिच्या परीक्षेच्या फॉर्मवर सहीही मीच नाकारली. ती गावी निघून गेली. नियम तसाच होता, कुणीही तेच केलं असतं, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. पण नियम हजेरी मोजायला सांगत होता. मोजलेलं वाचू नकोस, असं त्यानं कुठं म्हटलं होतं? सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर आईबापांना दंड व्हायचा. खाडे मोजायची या गावाची सवय जुनी. विचारायची सवय मला मात्र लागली नाही.

तर, खाडे मांड. आजच रात्री. मागचे चौदा दिवस आठव आणि रोजच्या चौकोनात चारच गोष्टी लिही: झोप किती तास, जेवणं किती, तास किती बुडवले, आंघोळ केली की नाही. आठवत नाही म्हणू नकोस. रात्री शेवटचा मेसेज किती वाजता धाडलास, ते फोनमध्ये दिसतं. मेसमध्ये गेलीस की नाही, ते मैत्रिणीला माहीत असतं. मनाला काय वाटतं ते लिहू नकोस, त्यात तू लबाडी करशील. मीही करते.

चौदाच का? उदासपणाच्या आजाराचं निदान करताना डॉक्टरही कमीत कमी दोन आठवड्यांचा काळ बघतात. त्यांची नऊ प्रश्नांची एक यादी असते. तिच्यात तू किती दुःखी आहेस असं विचारत नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत झोपेचं, भुकेचं, कशातच रस न वाटण्याचं असं किती दिवस झालं, ते विचारतात. अगदीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज. मी ती यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खरंच हसू आलं. आईचं कॅलेंडरच की ते!

तो कागद घेऊन सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जायचं. ओपीडीत जायला आईबाबांची सही लागत नाही. तू सज्ञान आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराचा हक्क दिलाय आणि माहिती गुप्त ठेवण्याचाही. डॉक्टर कदाचित आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतील. त्यावर "म्हणजे मला काही झालेलंच नाही" असा अर्थ काढू नकोस. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच गळून जातो. गोळ्या दिल्या तर दोन ते चार आठवडे फरक जाणवणार नाही, तेव्हाही खाडे मांड. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. तुमच्याकडे समुपदेशक आहे का, तेही विचार. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी तो नेमावा, असं सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या जुलैत बजावलंय.

तुझी आई घाबरेल. आमच्या लहानपणी कुणी जरा विचित्र वागलं की म्हणायचे, "याला कारेलीबागला पोचवा", कारण वेड्यांचं इस्पितळ तिथं. तो शब्द तिच्या डोक्यातून काढायचं काम माझ्याकडे दे. तुला जमणार नाही, आणि तू ते करूही नयेस.

मैत्रिणी म्हणतील, नवरात्र येतंय, गरब्याला चल, मूड येईल. जावंसं वाटलं तर जा. पण गरबा म्हणजे औषध नव्हे, आणि फोनमधला तो डोळे मिटून श्वास मोजायला सांगणारा माणूसही नव्हे. त्याला तुझे खाडे माहीत नाहीत.

फक्त एका बाबतीत मोजत बसायचं नाही. जगूच नये असा विचार एकदा जरी आला, तर कागद बाजूला टाक आणि १४४१६ लाव. टेलिमानसची सरकारी लाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोल की गुजरातीत. नाहीतर मला लाव. रात्री दोनलाही. मी जागीच असते, या वयात झोपेचे खाडे माझेही असतात.

सोमवारी सकाळी साडेआठला केस पेपरच्या खिडकीपाशी मी उभी असेन. डबा आणते, दोघींचा. आमच्या कॅलेंडरच्या ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पानांची झेरॉक्स सोबत आहे, तिच्यावरच भर. २८ आणि ३ तारखेला 'खाडा' लिहिलेलं दिसेल, ते दुधाचं आहे. तिकडं लक्ष देऊ नकोस.

तुझी,
मावशी