लेगो रेल्वेच्या शेडमध्ये समांतर रूळ आहेत, पॉइंट्सना (रूळ बदलायच्या सांध्यांना) जागा नाही. ट्रॅव्हर्सर, म्हणजे इंजिनाला एका रुळावरून शेजारच्या रुळासमोर नेणारा सरकता प्लॅटफॉर्म, कसा बांधू?

आधी तुमचं सर्वांत लांब इंजिन मोजा. सरळ रूळ 16 स्टडचा (विटेवरच्या गोल उंचवट्यांचा), म्हणजे 128 मिमी असतो. टेंडरवाल्या (मागे कोळसा-पाण्याचा डबा असलेल्या) वाफेच्या इंजिनासाठी तसे तीन धरा.

खरी कसोटी रूळ जुळवण्याची. लेगो रुळांची टोकं एकमेकांत अडकतात आणि अडकलेली टोकं आडवी सरकत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना किंचित फट सोडावीच लागते. उंची तंतोतंत हवी, एका प्लेटचा (लेगोच्या पातळ विटेचा), म्हणजे 3.2 मिमीचा फरकही चालत नाही. त्यासाठी बाकीचा लेआउट विटांवर उचला आणि सरकता भाग मधल्या खड्ड्यात बसवा.

सरकवायला दातेरी पट्टी आणि 8 दात्यांचं गिअर. एका फेरीत सुमारे 25 मिमी. पट्ट्या दोन्ही टोकांना लावा आणि दोन्ही गिअर एकाच दांड्यावर घ्या, नाहीतर लांब प्लॅटफॉर्म तिरका होऊन अडकतो. मोटरनंतर वर्म गिअर (स्क्रूसारखं गिअर) घालाच. मोटर थांबली की सगळं जागच्या जागी राहतं, हात लागला तरी हलत नाही.

बॅटरीवरच्या इंजिनांना एवढं पुरे. जुन्या 9 व्होल्टच्या धातूच्या रुळांसाठी मात्र सरकत्या भागापर्यंत थोडी सैल तार न्यावी लागेल.