माँटगोमेरीचा बस-बहिष्कार अभ्यासताना

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याचा अभ्यास आपण नव्याने हाती घेत असाल, तर तो नेत्यांच्या गाजलेल्या भाषणांपासून सुरू न करता अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराच्या बस-बहिष्कारापासून सुरू करावा, असे मी सुचवेन. बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीला १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयातील यंत्रावर बसवर बहिष्काराचे आवाहन करणारी हजारो पत्रके काढली आणि दुसऱ्या दिवशी ती शहरभर पोहोचवली, याकडे सहसा दुर्लक्ष होते. पुढे ३८१ दिवस कृष्णवर्णीय प्रवासी, त्यांत धुणीभांडी-स्वयंपाकाची कामे करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने, पायी किंवा आपसांत वाटून घेतलेल्या मोटारींतून कामावर जात राहिले. त्या मोटारी कोण चालवत होते, पेट्रोलचे पैसे कोठून येत होते, स्थानिक कंपन्यांनी विमा रद्द केल्यावर काय केले गेले, हे प्रश्न आधी विचारावेत; माझ्या मते आंदोलनाचे खरे बळ तेथेच दिसते. न्यायालयीन बाजू मात्र स्वतंत्रपणे वाचावी, कारण बसमधील वर्णभेद ज्या खटल्यामुळे संपला तो पार्क्स यांचा नव्हता. तो ऑरेलिया ब्राउडर आणि इतर स्त्रियांचा होता, आणि त्यांत पार्क्स यांच्याही आधी, पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कॉल्व्हिन होती.