तोच धक्का, पण एक गाव उभं राहिलं

प्रश्न : २०१६ च्या भूकंपात इटलीतलं आमात्रिचे भुईसपाट झालं, शेजारच्या नोर्चाला मात्र तेव्हा फारसं काही झालं नाही. हे नशीब म्हणायचं का?

उत्तर : थोडंफार नशीब, बाकी गवंडीकाम. २४ ऑगस्टला पहाटे ३:३६ वाजता ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. त्याचं केंद्र अकुमोलीजवळ, म्हणजे या दोन्ही गावांच्या मधल्या टापूत होतं. एकूण २९९ माणसं गेली, त्यांतली बहुतेक आमात्रिचेत. नोर्चात एकही नाही.

नोर्चाने मार आधीच खाल्लेला होता. १८५९ च्या भूकंपानंतर तिथे पोपच्या राजवटीने इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली. पुढे १९७९ आणि १९९७ च्या धक्क्यांनंतर घरं मजबूत करण्यात आली. आमात्रिचेतल्या भिंती मात्र बहुतांशी अनघड दगडांच्या, कमजोर चुन्यात रचलेल्या. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आत आणि बाहेर, आणि मध्ये चुरा. दोघींना बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्यात त्या एकमेकींपासून फुगून सुटतात. त्यात काही घरांचे जुने लाकडी तक्तपोशीचे मजले काढून काँक्रीटचे घातले होते. मालकाला वाटलं असेल, घर पक्कं झालं. अशक्त भिंतीच्या डोक्यावर आपण जड ओझं चढवलं, हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

लातूर-धाराशिवच्या (पूर्वीचं उस्मानाबाद) वाचकांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीतही पहाटेच, ३:५६ ला, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. दोन्हीकडची जमीन वेगळी आणि भूकंपाची कारणंही वेगळी. भिंतीचा दोष तेवढा सख्खा भाऊ.

प्रश्न : मग नोर्चाचं सेंट बेनेडिक्टचं चर्च कसं पडलं?

उत्तर : ते ३० ऑक्टोबरला पडलं, ६.५ च्या धक्क्यात. १९८० नंतर इटलीत एवढा मोठा धक्का बसला नव्हता. दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. चर्चच्या भिंती उंच, आत मोकळी जागा, आडवा आधार कमी, त्यामुळे घरापेक्षा ते लवकर जातं. त्या दिवशी कोणी दगावलं नाही, पण त्याचं सगळं श्रेय इमारतींना देऊ नका. २६ तारखेच्या धक्क्यांनंतर लोक मोठ्या संख्येने घराबाहेरच होते.

प्रश्न : लहानशा डोंगरी गावात एवढे बळी कसे?

उत्तर : आमात्रिचेची वस्ती जेमतेम अडीच हजारांची. पण ऑगस्ट म्हणजे इटलीची सुट्टी. रोमला गेलेली मुलंनातवंडं आजोळी आलेली, शिवाय त्याच शनिवार-रविवारी गावचा पन्नासावा स्पॅगेटी महोत्सव होता. महोत्सव झाला नाही. जगभरच्या हॉटेलांनी मग आमात्रिचाना पास्ताच्या प्रत्येक थाळीमागे दोन युरो काढायची मोहीम चालवली : एक गिऱ्हाइकाचा, एक मालकाचा. (पदार्थात टोमॅटो, पेकोरिनो चीज आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, शाकाहारी मंडळींनी नुसती वर्गणी द्यावी.)

प्रश्न : भूकंपाची पूर्वसूचना दिली नाही म्हणून इटलीत शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकलं, हे खरं का?

उत्तर : नाही. २००९ च्या लाक्विला भूकंपानंतर सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली, ती लोकांना चुकीचा दिलासा दिल्याच्या आरोपावरून. २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले. अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली, रद्द झाली नाही.

प्रश्न : आम्ही त्या भागातल्या एका जुन्या दगडी घरात राहायचं ठरवतोय. काय पाहावं?

उत्तर : बाहेरच्या भिंतीवर मजल्याच्या उंचीला लोखंडी फुल्या किंवा चकत्या दिसतात का ते बघा. त्या शोभेच्या नव्हेत. समोरासमोरच्या भिंती घट्ट धरणाऱ्या सळईची ती टोकं आहेत. नसतील तर घरमालकाला मजबुतीकरणाबद्दल विचारा, आणि रात्री चपला पलंगाशी ठेवा.